हमालाला बिल्ला, मनाच्या दुकानदाराला मोकळं रान

अंक दोन महिने उशिरा निघतोय. कारणं नेहमीचीच. कागद महाग, छापखान्याची मागची बाकी, वर्गणीदारांनी दाखवलेला ठेंगा. पण या खेपेला आणखी एक कारण आहे. हे दोन महिने मी कविता, अंक, मोर्चा सगळं बाजूला ठेवून एका दोस्ताच्या उडालेल्या झोपेमागं पळत होतो. या पळापळीत जे पाहिलं, तेच या संपादकीयात लिहितोय.

काहीजण म्हणतील, हे काय पांढरपेशांचं दुखणं आपल्या अंकात आणलं? काउन्सेलर, मानसिक आरोग्य, लायसन, नोंदणी. आपले घराचे, नोकरीचे, अत्याचाराचे प्रश्न काय संपले? नाय संपले. पण आपल्यालाही डोकं आहे आणि ते याच व्यवस्थेनं फोडलेलं आहे. आधी वाचा, मग शिव्या घाला.

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. शिक्षण दहावी पास. गोदीच्या गेटातून आत जायचं तर पास लागतो. पासाची मुदत एका दिवसानं संपलेली असली तरी गेटावरचा शिपाई मागं फिरवतो, रोजगार बुडतो. या महाराष्ट्रात १९६९ सालापासून माथाडी कायदा आहे. पाठीवर पोतं वाहणाऱ्याचं नाव बोर्डात नोंदवायचं, असं तो कायदा सांगतो. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा त्याच्याही आधीचा, १९४८ चा. टॅक्सीवाल्याला बिल्ला लागतो. वडापावच्या गाडीला परवाना नसला तर पालिकेची गाडी येऊन तेलाच्या कढईसकट उचलून नेते. म्हणजे पाठीवर ओझं घेणाऱ्याची नोंद आहे, वडा तळणाऱ्याची आहे. आणि माणसाच्या डोक्यात हात घालणाऱ्याची? त्यानं बोर्ड रंगवला, दोन खुर्च्या टाकल्या, भिंतीवर एक कारंज्याचं चित्र लावलं की झाला काउन्सेलर.

आता प्रकार सांगतो. माझ्या टोळीतला एक दोस्त. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दोन पोरांचा बाप. बोटीतून स्टीलच्या कॉइली उतरवायचं काम चाललं होतं. एकेक कॉइल कित्येक टनांची. स्लिंग तुटली, कॉइल कलली आणि खाली उभा असलेला आमचा एक म्हातारा सोबती तिच्याखाली गेला. दोस्त त्याच्यापासून चार हातांवर होता. पंचनामा झाला, काम बंद राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला आम्हाला परत त्याच हॅचमध्ये उतरवलं. खालचा पत्रा धुऊन काढला होता.

आम्ही उतरलो. दोस्त नाही उतरला. शिडीवर मधेच थांबला, हात शिडीला चिकटल्यासारखे. त्याला दोघांनी वर ओढून घेतला. तिथून त्याची झोप गेली. साखळी खळखळली की अंग थरथरायचं. खाड्यावर खाडे पडले. पोरांवर हात टाकायचा आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडायचा. वहिनीनं दृष्ट काढली, कुणी अंगारा आणून दिला, कुणी क्वार्टर पाजली. आम्ही काय केलं? आम्ही मोर्च्यात घोषणा देणारी पोरं, आम्ही त्याला म्हणालो, "साल्या, मर्द हो." हे लिहिताना आता लाज वाटते.

मग कंत्राटदाराच्या हापिसातून निरोप आला. साहेबांच्या ओळखीचे एक काउन्सेलर आहेत, त्यांच्याकडं जा, बरा झालास की कामावर घेतो. मी सोबत गेलो. बोर्डावर लिहिलेलं, काउन्सेलर, लाइफ कोच, हीलिंग एक्स्पर्ट. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकिटं, जवळ जाऊन वाचली तर दोन दिवसांच्या, तीन दिवसांच्या शिबिरांची. पाऊण तासाचे दीड हजार. वहिनीनं बचत गटातून कर्ज काढलं होतं.

पहिला प्रश्न, आडनाव काय. दुसरा प्रश्न, राहता कुठं. वस्तीचं नाव ऐकल्यावर गृहस्थ "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. मग म्हणाले, "तुमच्याकडं घरात पिणं असतंच ना?" मग म्हणाले, "झालेलं धरून बसायची तुम्हा लोकांना सवय असते. पॉझिटिव्ह राहा. रोज रात्री दहा गोष्टींचे आभार लिहून काढा." दोस्त सातवीपर्यंत शिकलेला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आभार कुणाचे लिहू रे? कॉइल माझ्या अंगावर नाय पडली, तिचे?"

तरी तो चार वेळा गेला. सहा हजार रुपये. आणि चौथ्या वेळेला त्यानं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्या खोलीत सांगितली. स्लिंग विरलेली होती. त्यानं ती सकाळी मुकादमाला दाखवली होती. मुकादम म्हणाला होता, आजची बोट होऊ दे, उद्या बदलू. ही गोष्ट त्याच्या छातीवर कॉइलीसारखी बसलेली होती. आपण जास्त ओरडलो असतो तर म्हातारा वाचला असता, असं त्याला रात्रंदिवस वाटत होतं.

चार दिवसांत ती गोष्ट कंत्राटदाराच्या हापिसात पोचली. कशी पोचली ते विचारू नका, त्या खोलीत दोनच माणसं होती. आठवड्यात दोस्ताचं नाव हाजरीच्या यादीतून गेलं. कारण काय, तर माणूस डोक्यानं ठीक नाही, काउन्सेलरनंच तसं सांगितलंय. आता खेळ लक्षात घ्या. माणूस वेडा ठरला की त्याची साक्ष वेडी ठरते. विरलेली स्लिंग ही वेड्याची बडबड ठरते. एक म्हातारा कॉइलीखाली गेला आणि दुसऱ्याची जीभ आभाराच्या वहीखाली दाबली.

तक्रार करायला निघालो. पोलीस म्हणाले, "मारलं का त्यानं? पैसे चोरले का? मग गुन्हा कसला?" डॉक्टरांच्या नोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून सभ्य होता, म्हणाला, "तो डॉक्टर नाही, आमच्या वहीत त्याचं नावच नाही. जे नाव वहीत नाही ते आम्ही कापणार कसं?" त्याचं चूक नव्हतं. तिथून उतरताना जिन्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की नोंदणी ही कागदी भानगड नाही. गरिबाला दाद मागायला दार असणं म्हणजे नोंदणी. श्रीमंताचा काउन्सेलर वाईट निघाला तर तो दुसरा गाठतो, वकील गाठतो. आपण बचत गटाचं कर्ज फेडत बसतो.

मी वकील नाही. पण दोन महिने कायद्याचे कागद वाचले, समजणाऱ्यांकडून समजून घेतले. ते इथं मांडतो.

पहिला कायदा १९९२ चा, भारतीय पुनर्वास परिषदेचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी या परिषदेत नाव नोंदवायचं. नोंदणीशिवाय धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आमच्या त्या हीलिंग एक्स्पर्टची एका बैठकीची फी याच्याहून जास्त. आणि हा कायदा मुळात अपंगांच्या पुनर्वसनासाठी केलेला. साधा काउन्सेलर म्हणून बोर्ड लावून, घर मोडलेल्या, झोप उडालेल्या माणसाकडून पैसे घेणारा त्याच्या चिमट्यात नीट सापडत नाही.

दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा. २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. मानसिक आरोग्य व्यावसायिक कुणाला म्हणायचं, त्याची व्याख्या त्यात आहे. मनोविकारतज्ज्ञ त्यात आहेत. राज्याच्या प्राधिकरणाकडं नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्याच्या नर्सेस, सायकियाट्रिक सोशल वर्कर आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्धवाले त्या विषयाचे पदव्युत्तरही आहेत. नुसता काउन्सेलर नाही.

तिसरा कायदा २०२१ चा, सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा. इथं पहिल्यांदा आपल्या कामाची गोष्ट येते. क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, सोशल वर्कर, मानसिक आरोग्यातले मदतनीस हे सगळे त्याच्या परिशिष्टात घातलेत. केंद्राची एक नोंदवही, प्रत्येक राज्याची एक नोंदवही, आणि राज्याची परिषद. परिषद सहा महिन्यांत उभी करायची असं कायदाच म्हणतो. झालं काय? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली की बाबांनो, तुम्हीच केलेला कायदा आता अमलात आणा. सहा महिन्यांच्या कामाला तीन वर्षं पुरली नाहीत. सरकारला वेळ नाही, कारण वेड्यांची मतपेढी नसते.

हे सगळं कुठल्या देशात चाललंय? बंगलोरच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यात निघालं की आजारागणिक शंभरातले सत्तर ते ब्याण्णव लोक उपचाराविना राहतात. जिथं एवढी मोठी पोकळी, तिथं भोंदू आलाच. आधी तो अंगारा देत होता, आता तो इंग्रजीत सर्टिफिकीट दाखवतो.

लायसन म्हणजे काय, ते अमेरिकेकडं बघून कळतं. तिथं काउन्सेलरला परवाना राज्य देतं. पहिला कायदा व्हर्जिनियात १९७६ साली झाला. शेवटचं राज्य कॅलिफोर्निया, २००९ साली. तेहेतीस वर्षं लागली. पदव्युत्तर पदवी पाहिजे, परीक्षा पाहिजे, आणि जुन्या जाणत्याच्या देखरेखीखाली कामाचे तास पाहिजेत, कॅलिफोर्नियात तीन हजार तास. नाव यादीत असतं, कुणीही बघू शकतो. खोलीतली गोष्ट बाहेर फोडली, माणसाचा गैरफायदा घेतला, तर बोर्डाकडं तक्रार जाते, परवाना जाऊ शकतो. म्हणजे शिक्षण, देखरेख, उघडी यादी, आणि काढून घेता येणारा परवाना. शेवटची गोष्ट नसेल तर पहिल्या तीन म्हणजे नुसती शोभा. माझ्या दोस्ताला यातली एक जरी मिळाली असती तर आज त्याचं नाव हाजरीत असतं.

तर नोंदणी पाहिजे. ठणकावून पाहिजे. पण दोस्तांनो, इथं थांबलो तर आपण गाढव ठरू. कारण नोंदवही कुणाच्या हातात असते, हेही आपल्यालाच सगळ्यांत जास्त माहीत.

माझा आजा गोदीत नोंदणी कामगार होता. त्याच्या आधी टोळीवाल्याचं राज्य होतं. टोळीवाला बोट दाखवील तो कामाला, बाकीचे धक्क्यावर बसून. नोंदणी आली आणि हाजरीला येऊन काम नाही मिळालं तरी चार पैसे हातात पडू लागले. घरात पितळेची भांडी त्या नोंदणीवर आली. मग नोंदवहीची पानं भरली, नवी भरती थांबली, आणि आम्ही नातवंडं कंत्राटदाराच्या यादीत आलो. म्हणजे नोंदणीनं आत असलेल्याला माणूस केलं आणि बाहेर राहिलेल्याला परत टोळीवाल्याच्या दारात आणलं. नोंदवहीला कुंपण असतं. प्रश्न असा की कुंपणाच्या आत कोण आणि फाटकाची चावी कुणाच्या कमरेला.

आता बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पदवी, मग पदव्युत्तर, मग त्यावर आणखी दोन वर्षांचा अभ्यास, असाच हा रस्ता इतकी वर्षं होता. जागा मोजक्या. पुस्तकं इंग्रजीत. २०२१ च्या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३६०० तास आणि सहयोगी व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २००० तास धरलेत. तासांना माझा विरोध नाही. कच्च्या हातानं क्रेन चालवली तर काय होतं ते मी पाहिलंय. पण ते तास कोण भरणार? दिवसा मॉलमध्ये उभी राहणारी, रात्री अभ्यास करणारी आपली पोरगी दूरशिक्षणानं मानसशास्त्र शिकायची. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं की या कायद्याखाली येणारे आरोग्याचे विषय आता दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन शिकवायचे नाहीत. त्यात मानसशास्त्रही गेलं. कारण बरोबर आहे, टपालानं माणूस ऐकायला शिकता येत नाही. पण संध्याकाळचं कॉलेज कुठंय? पगारी उमेदवारी कुठंय? एक दार दर्जाच्या नावाखाली बंद केलंत, तर दुसरं उघडायची जबाबदारी कुणाची? नाहीतर नोंदवहीचं वतन होईल. ठराविक आडनावांचं वतन, बापाकडून पोराकडं जाणारं. गावकीतली वतनं कायद्यानं गेली. ही नवी वतनं पदवीच्या कागदावर लिहून येतायत.

आणि बिल्ला मिळाला म्हणजे माणूस शहाणा झाला, या भ्रमातही राहू नका. १८५१ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं शोध लावला की गुलाम पळून जातात, तो एक मानसिक आजार आहे. त्याला त्यानं ड्रॅपेटोमेनिया असं भारदस्त नावही दिलं, आणि औषध म्हणून चाबूक सुचवला. हा भोंदू नव्हता. डॉक्टर होता, वैद्यकाच्या मासिकात लिहीत होता. माणसाला बेडी नको वाटते, हा त्याच्या लेखी रोग. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच देशातल्या ब्लॅक पँथरनी काळ्यांच्या वस्त्यांत स्वतःचे मोफत दवाखाने चालवले, ते उगाच नाही. त्यांच्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचा कार्टराइट चाबूक वापरत नाही. तो गोड बोलतो. "जात-बित डोक्यातून काढा. सगळे आपल्याला तुच्छ समजतात हा तुमचा समज आहे. आत्मविश्वास वाढवा." म्हणजे लाथ मारणारा निरोगी आणि लाथ लागलेला पेशंट. रोहित वेमुला २०१६ साली गेला. डॉक्टर पायल तडवी २०१९ साली मुंबईतच गेली. अशा प्रत्येक मरणानंतर संस्था म्हणतात, आम्ही काउन्सेलर नेमू. नेमा की. पण त्या पोरांना वागवणाऱ्यांचं काउन्सेलिंग कोण करणार? जातीचा प्रश्न सभागृहातून उचलून एका बंद खोलीत, एका पोराच्या डोक्यात कोंबायचा, हा डाव आम्हाला कळतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायचा. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर दबलेल्या घटकांतल्या पोरांशी नीट, भेदभाव न करता वागायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचं. चांगलं आहे. पण "पात्र" म्हणजे कोण, हे नोंदवहीच सांगणार. आणि जातीचा घाव ओळखता येणं हे त्या पात्रतेत धरलं नाही, तर संस्था परत तोच आभाराच्या वहीवाला आणून बसवतील. या वेळी पगारावर.

यात आपल्या हातात एक हत्यार आहे, ते बऱ्याच जणांना माहीत नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलंय की सरकारनं चालवलेली किंवा सरकारी पैशावर चालणारी मानसिक आरोग्य सेवा परवडणारी, चांगली, जवळ मिळणारी पाहिजे आणि ती देताना लिंग, धर्म, वर्ग यांबरोबर जातीवरून भेदभाव करता येणार नाही. जात हा शब्द कायद्यात छापलेला आहे. तो काउन्सेलरच्या अभ्यासक्रमात, परीक्षेत आणि परवान्याच्या अटींत उतरवून घेणं हे आपलं काम.

आता आपल्या लोकांशी दोन कडू गोष्टी. आपल्या चळवळीत मानसिक म्हटलं की हसतात. वेडा म्हणजे ठाणं नाहीतर येरवडा. जो बोलायचा थांबला तो "ढिला पडला." जो बैठकीला येईना तो "विकला गेला." त्याची झोप उडाली का, असं आपण विचारलं नाही. आपण पोलिसांचा मार मोजला, आतला मार मोजला नाही. आपल्या कवितेत आग आहे, वेदना आहे, सगळं आहे, पण शेजारी बसलेल्या दोस्ताचा हात थरथरतोय हे मला दिसलं नव्हतं. मी स्वतःला यातून वगळत नाही.

आणि ऐकायचं काम फक्त पदवीवालाच करू शकतो, हेही खोटं. गोव्यात संगथ नावाची संस्था आहे. तिथं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, वरून देखरेख ठेवून, सरकारी आरोग्य केंद्रांत उदास झालेल्या लोकांशी बोलायला बसवलं. रीतसर चाचणी केली आणि फायदा झाल्याचं २०१० आणि २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात आत्मीयता नावाच्या कामात गावातलीच माणसं हे करत होती. म्हणजे दहावी पास माणूसही ऐकायला शिकू शकतो, अट एवढीच की त्याला कुणी शिकवलं पाहिजे आणि त्याच्या मागं कुणी जाणतं उभं पाहिजे. उद्या लायसनचा दंडुका घेऊन सरकार वस्तीतल्या ऐकणाऱ्या बाईला पकडील आणि बंगल्यातल्या लाइफ कोचला सोडील, असं होता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक. महाराष्ट्राच्या परिषदेनं काउन्सेलरची नोंदवही मराठीत, सगळ्यांना दिसेल अशी उघडावी. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ती कशी बघायची ते लिहावं. पैसे घेऊन हा धंदा करणाऱ्यानं नोंदणी क्रमांक बोर्डावर लावलाच पाहिजे.

दोन. तक्रार मराठीत, साध्या कागदावर, फी न भरता, वकिलाशिवाय घेतली जावी. तक्रार ऐकणाऱ्या समितीत निम्मी माणसं धंद्याबाहेरची पाहिजेत. उपचार घेतलेली माणसं, दलित, आदिवासी, भटके, बाया.

तीन. मालकानं पाठवलेला असो की मालकानं पैसे भरलेले असोत, खोलीतली गोष्ट मालकाला सांगणाऱ्याचा परवाना रद्द. यात तडजोड नाही.

चार. जात, धर्म, बाईपण, कामाच्या जागेवरचा अपघात हे विषय शिक्षणात आणि परीक्षेत सक्तीचे करा.

पाच. शिक्षणाच्या जागांत आरक्षण पुरं भरा. संध्याकाळचे वर्ग आणि पगारी उमेदवारी द्या. वस्तीत काम केलेल्यांचा अनुभव तासांत धरा.

सहा. फुकट ऐकणाऱ्या, संघटनेत किंवा वस्तीत काम करणाऱ्या माणसांना गुन्हेगार ठरवू नका. त्यांची वेगळी यादी करा, त्यांना प्रशिक्षण द्या, मागं देखरेख ठेवा.

सात. सरकारी दवाखान्यांत सोशल वर्करची आणि सायकॉलॉजिस्टची रिकामी पदं भरा. परवानाधारक मिळत नसेल तर नुसती बंदी घालून गरीब परत अंगाऱ्याकडंच जाणार.

शेवटी दोस्ताचं सांगतो. एका सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. बाकावर दोन तास बसलो. आत एक सोशल वर्कर बाई होत्या. बाहेर पन्नास माणसं, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. त्यांनी आडनाव विचारलं नाही, ते केसपेपरवर होतंच आणि त्यांनी त्याच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं नाही. विचारलं, "झोप कधीपासून गेली?" मग विचारलं, "त्या दिवशी आवाज कसला आला होता?" दोस्त दहा मिनिटं साखळीच्या आवाजाबद्दल बोलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणी त्या आवाजाबद्दल विचारलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाईंनी सांगितलं, दर मंगळवारी या, आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही मुकादमाला सांगितलं होतंत. तुमचं काम तुम्ही केलं होतंत." दोस्त जिन्यावर बसून रडला. मी बाजूला उभा राहिलो. या वेळी "मर्द हो" म्हणालो नाही.

आता तो भाजीची हातगाडी लावतो. परवा सलग पाच तास झोपला. वहिनीनं फोन करून सांगितलं, जणू पोरगं पास झालंय. स्लिंगबद्दल तो साक्ष देणार आहे. तुम्हीही त्या दिवशी सोबत या, कळवतो.

तुमच्यातल्या कुणाची झोप उडाली असेल, जगणं नको झालं असेल, तर पुढच्या अंकाची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आणि आमच्या खोलीचं दार रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. आमच्याकडं लायसन नाही, म्हणून आम्ही उपचार करणार नाही. चहा देऊ, ऐकू, आणि सकाळी केसपेपर काढायला सोबत येऊ.

वर्गणी पाठवा. कविता पाठवा.

जय भीम.